आणलेलं पान पुन्हा आणायला लागू नये म्हणून

लिंक्स नावाच्या ब्राउझरमध्ये एखादं पान वाचत असताना बॅकस्लॅशची कळ दाबली की त्या पानाचा सोर्स, म्हणजे सगळ्या टॅगांसकट मूळ एचटीएमएल मजकूर, समोर येतो. काम एका कळीचं, पण पडद्यामागे काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. सेटिंगमध्ये कोणताही फेरफार केलेला नसेल, तर लिंक्स तेच पान सर्व्हरकडून पुन्हा मागवतो आणि या वेळी ते न सजवता, आहे तसं दाखवतो. क्षणभरापूर्वी जे बाइट त्याच्या हातातून गेले, ते त्याने ठेवलेलेच नसतात.

बहुतेकांना यात फक्त वेळेचा अपव्यय दिसेल. मला त्याहून मोठी अडचण दिसते. आपण वाचत होतो ते पान आणि आता ज्याचा सोर्स समोर आहे ते पान, ही दोन वेगळी पानं असू शकतात. मधल्या अर्ध्या मिनिटात बातमी बदलली असेल, लॉगिनची मुदत संपली असेल, सर्व्हरने ‘थोड्या वेळाने या’ असं सांगितलं असेल. पानात काहीतरी चुकलंय असा संशय आल्यामुळे सोर्स पाहायला गेलो, आणि समोर आला तो भलत्याच पानाचा सोर्स. मूळ दस्तऐवजाचा कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेला साठा, बांधायचा तो या कारणासाठी. तो बांधताना जे प्रश्न पडतात, ते लिंक्ससारख्या केवळ अक्षरं दाखवणाऱ्या ब्राउझरमध्ये फार स्पष्ट दिसतात, कारण तिथे चित्रं, अ‍ॅनिमेशन आणि जावास्क्रिप्टचा गलका नसतो.

लिंक्सचा जन्म १९९२ सालचा, अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातला. लू मोंटुली, मायकेल ग्रोब आणि चार्ल्स रेझॅक या तिघांनी तो तयार केला. उद्देश मर्यादित होता. विद्यापीठाच्या आवारातली माहिती कुणालाही साध्या टर्मिनलवर वाचता यावी, एवढाच. टर्मिनल म्हणजे ८० अक्षरं रुंद आणि २४ ओळी उंच असा काळा पडदा. १९९३ मध्ये त्याला वेबशी जोडलं गेलं. आजही तो जिवंत आहे, दुरुस्त होतो आहे. सर्व्हरवर काम करणारे प्रशासक आणि स्क्रीन रीडर वापरणारे अंध वाचक हे त्याचे जुने निष्ठावंत.

आपल्याकडेही त्याची एक पिढी आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा चित्रांसकट वेब दाखवणारी जोडणी महाग होती आणि स्वस्तातला पर्याय होता ‘शेल अकाउंट’. त्यात घरचा संगणक निव्वळ टर्मिनल बनत असे. लिंक्स चालायचा निगमच्या यंत्रावर, पान यायचं त्या यंत्रापर्यंत आणि फोनच्या तारेतून घरी पोचायची ती फक्त पडद्यावरची अक्षरं. ८० गुणिले २४ म्हणजे १९२० अक्षरं. सेकंदाला ९६०० बिटांच्या मोडेमवर भरगच्च पडदासुद्धा दोनेक सेकंदांत उमटतो. तेच ६० हजार बाइटचं एखादं पान चित्रं वगळूनही घरापर्यंत आणायचं तर निदान ५० सेकंद हवेत. मुंबईतल्या कितीतरी विद्यार्थ्यांना वेबचं पहिलं दर्शन झालं ते असं, चित्राच्या जागी कंसातला ‘इमेज’ शब्द पाहत.

या मांडणीतला एक तपशील पुढे कामाला येणार आहे. ब्राउझर वाचकाच्या घरात नव्हता, शेकडो जणांनी वाटून घेतलेल्या यंत्रात होता. एकाने १० पानं स्मृतीत ठेवली आणि प्रत्येक पान ३० हजार बाइटचं धरलं, तर तीन लाख बाइट झाले. एका वेळी १०० जण जोडलेले असतील तर तीन कोटी. त्या काळातल्या सामायिक यंत्राला हे मुळीच परवडणारं नव्हतं. त्यामुळे लिंक्सने सोर्स ठेवण्यात हात आखडता घेतला, त्याला आळस म्हणता येणार नाही.

पण स्मृतीची टंचाई हे अर्धंच कारण झालं. उरलेलं अर्धं त्याच्या घडणीत आहे. लिंक्सने जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेत तयार झालेलं वेबचं मूळ ग्रंथालय, लिबडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, पोटात घेतलं आणि त्या ग्रंथालयाचा सगळा विचार प्रवाहाचा होता. जाळ्यातून बाइट येतात, ते टॅग ओळखणाऱ्या पार्सरकडे जातात, पार्सर ‘हा मथळा’, ‘हा परिच्छेद’, ‘ही लिंक’ असं पुढच्या टप्प्याला सांगतो आणि तो टप्पा ८० अक्षरांच्या ओळी रचत जातो. प्रत्येक टप्पा आपलं काम उरकून बाइट पुढे ढकलतो. पूर्ण दस्तऐवज एका जागी कधी उभाच राहत नाही. सोर्स टाकून दिला असं म्हणणंही चूक ठरेल, कारण तो कुणी हातात धरलाच नव्हता. शेवटी शिल्लक राहतं ते रचलेलं पान. ओळी, त्यांतले ठळक-अधोरेखित तुकडे, लिंकांच्या जागा. लिंक्सचा जुना कॅश या रचलेल्या पानांचा आहे.

खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हा जुळाऱ्यासमोर हस्तलिखित असायचं आणि त्याच्या हाताखाली रचलेलं पान. स्तंभाची रुंदी बदलली की रचलेल्या पानाचा उपयोग संपला, पुन्हा हस्तलिखितावरूनच जुळणी करायची. लिंक्स हस्तलिखित लेखकाला परत पाठवून द्यायचा आणि रुंदी बदलली की त्याच्याकडे पुन्हा माणूस धाडायचा.

रुंदी तर बदलतेच. टर्मिनलची खिडकी ओढून मोठी केली की ८० ऐवजी १२० अक्षरं मावतात आणि सगळ्या ओळी नव्याने तोडाव्या लागतात. पण रुंदीपेक्षा मजेशीर कारणं आणखी आहेत. त्यातलं एक जवळून पाहू, ते म्हणजे एचटीएमएलमधली टिप्पणी.

टिप्पणी म्हणजे पान लिहिणाऱ्याने स्वतःसाठी लिहिलेला, वाचकाला दिसू नये असा मजकूर. तो कोनी कंस, उद्गारचिन्ह आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होतो. संपतो कुठे, यावर मात्र तीन मतं होती. जुन्या ब्राउझरांचं मत सोपं होतं. पुढे जो पहिला बंद कोनी कंस येईल तिथे टिप्पणी संपली. दुसरं मत असं की दोन रेघा आणि त्यांना लागून बंद कंस, हे तिन्ही एकत्र आले की संपली. तिसरं मत नियमावलीचं. त्यानुसार दोन-दोन रेघांच्या जोड्या मोजायच्या, एका जोडीने टिप्पणी उघडते, दुसरीने मिटते आणि मिटलेल्या अवस्थेत कंस आला तरच सगळं संपतं. नियमावलीचं मत शुद्ध खरं, पण १९९०च्या दशकात लोक टिप्पणीत शोभेसाठी रेघांची लांबलचक माळ ओढायचे. जोड्यांचा हिशेब एका रेघेने चुकला की टिप्पणी मिटायचीच नाही आणि शुद्ध वागणारा ब्राउझर अर्धंअधिक पान टिप्पणी समजून गिळून टाकायचा. उलट, जुन्या मताने चालणारा ब्राउझर टिप्पणीत ठेवलेला जुना टॅग बघून तिथेच थांबायचा आणि लपवलेला मजकूर वाचकासमोर सांडायचा.

लिंक्सने यावर मोठा व्यवहारी तोडगा काढला. तिन्ही मतं ठेवली आणि ती बदलायला कळा दिल्या. पान अर्धवट वाटलं की एकेरी अवतरणचिन्हाची कळ दाबा, जुनी रीत लागू होईल. बॅकटिक दाबा, मधली रीत येईल. कंट्रोल-व्ही दाबलं तर टॅगांकडे पाहण्याची अख्खी दृष्टीच कडकवरून सैल होते किंवा सैलवरून कडक. आणि यातली प्रत्येक कळ म्हणजे पार्सरने सुरुवातीपासून पुन्हा वाचायला हवं. वाचायला सोर्स हवा. सोर्स हाताशी नाही, म्हणून पुन्हा सर्व्हरकडे फेरी. अर्धवट पान नीट दिसावं म्हणून तीन कळा दाबून पाहिल्या, तर सर्व्हरच्या दारात तीनदा जाऊन आलो.

अक्षरसंचाचं दुखणं याच जातीचं, आणि मराठी वाचकाला ते जास्त जवळचं. यूटीएफ-८ मध्ये ‘क’ हे एक अक्षर तीन बाइटांत लिहिलं जातं, २२४, १६४ आणि १४९. सर्व्हरने अक्षरसंच कळवला नाही आणि ब्राउझरने पश्चिम युरोपीय संच गृहीत धरला, तर त्या तीन बाइटांची तीन परकी चिन्हं होतात आणि पान म्हणजे निव्वळ कचरा दिसतो. बाइट अगदी बरोबर आहेत, अर्थ चुकला आहे. योग्य संच निवडून तेच बाइट पुन्हा वाचले की झालं. पण रचलेल्या पानात ते बाइट उरलेले नसतात, चुकीचा अर्थ लावून झालेला असतो. (त्या काळातल्या मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांना मात्र याही मात्रेचा गुण आला नसता. ती आपापल्या खास फॉन्टच्या मापाने लिहिलेली असत आणि तो फॉन्ट टर्मिनलमध्ये नसे. सोर्स कितीही जपून ठेवला तरी हाती लागली असती ती रोमन चिन्हांची भेळ.)

१९९०च्या दशकाच्या अखेरीस लिंक्समध्ये ‘सोर्स कॅश’ ही सोय आली. तिची रचना मला आवडते, कारण तिने जुन्या प्रवाहाला धक्का लावला नाही. जाळं आणि पार्सर यांच्यामध्ये एक नवा टप्पा बसवला. त्याच्या हाती बाइट आले की तो ते जसेच्या तसे पुढे देतो आणि देता देता एक प्रत बाजूला ठेवतो. पार्सरला याचा पत्ताही नाही. पान पूर्ण येण्याची वाट पाहावी लागत नाही, वरच्या ओळी नेहमीसारख्या आधी दिसू लागतात. पुढे पान पुन्हा रचायची वेळ आली की ठेवलेली प्रत त्याच पार्सरच्या तोंडाशी लावायची. हे बाइट जाळ्यातून आले की खिशातून, हे त्याला कळत नाही आणि कळायची गरजही नाही.

इथे ‘जसेच्या तसे’ म्हणताना जरा थांबायला हवं. सर्व्हरकडून दस्तऐवज बहुधा आकुंचित होऊन येतो, शिवाय तुकड्यातुकड्याने येतो आणि प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी लिहिलेली असते. यातलं काय ठेवायचं? तुकड्यांच्या लांब्या ही वाहतुकीची बाब, ती टाकून द्यावी. आकुंचन उलगडून ठेवलं तर जागा जास्त लागते, पण प्रत्येक वेळी उलगडण्याची कटकट वाचते. उलगडून ठेवावं असं माझं मत. अक्षरसंचाचं भाषांतर मात्र कॅशच्या आधी मुळीच होता कामा नये, नाहीतर वरच्या ‘क’ची दुरुस्ती कायमची गेली. प्रत घ्यायचा टप्पा प्रवाहात कुठे बसवायचा, हा प्रश्न दिसतो प्लंबिंगचा, पण ज्या चुका नंतर सुधारता याव्यात असं वाटतं, त्या साऱ्या घडण्याआधीच प्रत घ्यावी लागते.

बाइटांसोबत हेडरही ठेवावे लागतात. हा मजकूर एचटीएमएल आहे की साधा, सर्व्हरने अक्षरसंच कोणता सांगितला, कुठल्या पत्त्यावरून दुसरीकडे वळवलं. शेवटची गोष्ट विसरली तर पानातल्या अर्धवट लिहिलेल्या लिंका चुकीच्या पत्त्याला जोडल्या जातात आणि दोष कॅशमध्ये आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आता ठेवलेली प्रत ओळखायची कशी? सहज सुचतं ते उत्तर म्हणजे पत्त्यावरून. पण एकाच पत्त्यावर दोन वेगळे अर्ज भरले की दोन वेगळी उत्तरं येतात. ग्रंथालयाच्या सूचीत एकदा एका लेखकाचं नाव घातलं, एकदा दुसऱ्याचं. पत्ता तोच, मात्र अर्जातला मजकूर पत्त्याबाहेर, पोस्ट पद्धतीने गेलेला. लिंक्समध्ये म्हणूनच दस्तऐवजाची ओळख पत्ता आणि पाठवलेला मजकूर या दोहोंवरून ठरते. पत्त्याच्या शेवटी हॅश चिन्हापुढे जो भाग येतो, तो मात्र ओळखीत धरायचा नाही. तो एकाच दस्तऐवजातली जागा दाखवतो, दस्तऐवज बदलत नाही. तो धरला, तर एकाच लांबलचक लेखाच्या दहा प्रकरणांसाठी दहा प्रती साठतील.

सर्व्हर ब्राउझरकडे ठेवायला देतो त्या छोट्या खुणांनी, म्हणजे कुकींनी, या ओळखीत आणखी घोळ घातला. लॉगिन करण्यापूर्वीचं पान आणि नंतरचं पान, पत्ता एकच, पाठवलेला मजकूरही काही नाही, तरी दस्तऐवज वेगळे. गंमत अशी की कुकीचा शोध १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये लावला तो याच लू मोंटुलींनी, लिंक्सच्या एका जनकाने.

पोस्टचा मुद्दा निव्वळ ओळखीपुरता असता तर एवढं बिघडलं नसतं. पत्त्यावरून साधं पान मागवणं ही निरुपद्रवी क्रिया असते, दहा वेळा मागवलं तरी जगात काही बदलत नाही. पोस्टने पाठवलेला अर्ज जग बदलू शकतो. पैसे भरले जातात, आसन आरक्षित होतं, पत्र रवाना होतं. अशा अर्जाच्या उत्तरादाखल आलेल्या पानावर बॅकस्लॅश दाबली आणि सोर्स ठेवलेला नसेल, तर तो पाहायचा म्हणजे अर्ज दुसऱ्यांदा पाठवायचा. लिंक्स त्याआधी विचारतो खरा, पण विचारून काय साधतं? पावती नीट दिसत नाही म्हणून रुंदी बदलायची आणि त्यासाठी पुन्हा पैसे भरायचे की नाही, हा प्रश्न वाचकासमोर येणंच हास्यास्पद आहे. बाकी सगळ्या ठिकाणी सोर्स कॅश ही सोय आहे. पोस्टच्या बाबतीत ती मी अट मानतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो. सर्व्हर स्पष्ट सांगतो की हे पान साठवू नका, किंवा याची मुदत संपली आहे. मग ते ठेवून परत दाखवणं ही नियमांची पायमल्ली नाही का? ब्राउझर आणि सर्व्हर ज्या भाषेत बोलतात त्या एचटीटीपी १.१ च्या जून १९९९ च्या नियमावलीने, आरएफसी २६१६ ने, याचं उत्तर एका छोट्या कलमात देऊन ठेवलं आहे. इतिहास आणि कॅश या भिन्न गोष्टी आहेत, असं ते कलम सांगतं. कॅशचा दावा असतो की मी दाखवतो ते सर्व्हरवरच्या आजच्या पानासारखंच आहे. म्हणून त्याला मुदत पाळावी लागते, पान बदललं का हे विचारावं लागतं. इतिहासाचा असा दावाच नाही. वाचकाने त्या वेळी जे पाहिलं तेच पुन्हा दाखवणं हे इतिहासाचं काम, मुदत संपली असली तरी. २०२२ च्या नव्या नियमावलीतही, आरएफसी ९१११ मध्ये, हा भेद कायम आहे.

ब्राउझर लिहिणाऱ्यांचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं. सोर्स कॅशच्या नावातच ‘कॅश’ असल्याने त्याला ताजेपणाचे सगळे नियम लावले जातात आणि मागे जाण्याची कळ दाबली की पान पुन्हा मागवलं जातं. माझ्या मते सोर्सचा साठा इतिहासाच्या पदरात घालावा. वाचकाच्या मागे जायच्या यादीतल्या प्रत्येक नोंदीकडे तिचा स्वतःचा सोर्स असावा. ताजं पान हवं असेल तर वाचक कंट्रोल-आर दाबेल. ते त्याचं मागणं आहे, खिडकीची रुंदी बदलणं हे ते मागणं नव्हे. कुकींचा घोळही मग निम्मा सुटतो. ‘या पत्त्यावर काय आहे’ हा प्रश्नच उरत नाही, ‘या नोंदीत मी काय पाहिलं होतं’ एवढाच उरतो.

साठवायचं कुठे, याला लिंक्सने दोन उत्तरं दिली आणि निवड वाचकावर सोपवली. फाइलमध्ये किंवा स्मृतीत. तिसरा पर्याय काहीच न ठेवण्याचा, आणि मुळात तोच लागू असतो. फाइलचा मार्ग त्या काळी शहाणपणाचा होता, स्मृती महाग होती. पण सामायिक यंत्रावर तात्पुरत्या फाइलींचं आवार सगळ्यांना मोकळं असतं आणि पाणी तिथे मुरतं. ब्राउझर आपल्या फाइलचं नाव अंदाज बांधता येईल असं ठेवत असेल, म्हणजे प्रक्रियेचा क्रमांक आणि पुढे एक, दोन, तीन, तर एखादा उपद्व्यापी शेजारी त्याच नावाचा दुवा आधीच तयार करून तो ब्राउझर वापरणाऱ्याच्या एखाद्या महत्त्वाच्या फाइलकडे वळवून ठेवतो. ब्राउझर भाबडेपणाने त्या नावावर लिहितो आणि वापरणाऱ्याचीच फाइल पुसली जाते. उपाय ठाऊक आहेत. ‘या नावाचं काही नसेल तरच तयार कर’ असं यंत्रणेला बजावायचं, वाचण्या-लिहिण्याचा हक्क फक्त मालकाला द्यायचा आणि सगळ्या फाइली स्वतःच्या बंद डिरेक्टरीत ठेवायच्या.

तरीही ब्राउझर मधेच कोसळला तर फाइली मागे राहतात, कधी बँकेच्या पानासकट. युनिक्सवर त्यालाही एक जुनी युक्ती आहे. फाइल उघडल्याबरोबर तिचं नाव पुसून टाकायचं. नाव गेलं तरी उघडी असेपर्यंत फाइल वापरता येते आणि ब्राउझर कसाही संपला तरी तिची जागा आपोआप मोकळी होते. किंमत अशी की प्रत्येक दस्तऐवजासाठी एक फाइल सतत उघडी ठेवावी लागते, आणि एका प्रक्रियेला किती फाइली उघड्या ठेवता येतात याला मर्यादा असते. आज हा सगळा खटाटोप करण्यापेक्षा स्मृतीत ठेवावं, हे माझं सरळ मत. ६० हजार बाइटची १०० पानं म्हणजे ६० लाख बाइट. आजच्या फोनलाही ते जाणवणार नाही.

किती ठेवायचं हे मात्र ठरवावं लागतंच. लिंक्सच्या सेटिंग फाइलमध्ये कॅशचं माप आहे १०, आणि ते दस्तऐवजांच्या संख्येचं आहे. अकरावा आला की सर्वांत आधी पाहिलेला बाहेर. बाइटांनी मोजायचं एक वेगळं मापही तिथे आहे, पण युनिक्सवर ते लागू होत नाही, असं त्या फाइलमधली टीपच प्रांजळपणे सांगते. संख्येचं माप चालून गेलं, कारण पानं साधारण सारख्या आकाराची होती. आज दोन हजार बाइटची नोंद आणि ५० लाख बाइटचं सरकारी परिपत्रक यांना एकाच मापाने मोजलं तर १० हा आकडा काहीच सांगत नाही. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात सुरू झालेला दुसरा एक अक्षरी ब्राउझर आहे, उच्चाराने तोही लिंक्सच. त्याच्यापासून फुटलेल्या ई-लिंक्सने हे दोन हिशेब स्वच्छ वेगळे केले. सोर्सचा साठा बाइटांत, मुळात १०,४८,५७६ म्हणजे एक मेगाबाइट. रचलेली पानं संख्येत, मुळात पाच. रचलेली पानं मोजकीच ठेवायला हरकत नाही, सोर्स असला की ती केव्हाही पुन्हा रचता येतात. जपानच्या अकिनोरी इतो यांच्या डब्ल्यूथ्रीएमने तर पहिल्यापासून प्रत्येक पानामागे सोर्सची फाइल बाळगली, कारण तो जन्मला मुळी फाइली पानं उलटत वाचण्याचं साधन म्हणून. खिडकी ओढा, सोर्स पाहा, त्याला जाळ्याची आठवणही होत नाही.

बाहेर टाकताना माझी एक पुरवणी अशी, की पोस्टच्या उत्तरांना झुकतं माप द्यावं. साधं पान पुन्हा आणता येतं, पावती पुन्हा आणता येत नाही.

अर्धवट आलेल्या पानांचा प्रश्न राहिला. लिंक्समध्ये पान येत असताना झेड दाबून ते तोडता येतं, जाळं स्वतःहूनही तुटतं. तोवर आलेला सोर्स ठेवायचा की फेकायचा, यासाठीही लिंक्समध्ये स्वतंत्र सेटिंग आहे. ठेवण्याच्या बाजूने बोलायचं तर वाचकाने अर्धंच पाहिलं होतं, इतिहासाने अर्धंच दाखवावं. लांबलचक यादीतलं हवं ते नाव वरच सापडलं म्हणून कुणी पान तोडलं असेल, तर त्याला उरलेलं नकोच आहे. फेकण्याच्या बाजूने म्हणायचं तर तासाभराने परत आल्यावर हे पान पूर्ण नाही हे वाचकाला आठवेलच असं नाही, आणि अर्ज अर्धवट आला असेल तर त्यातले शेवटचे लपलेले रकाने गायब असतात, भरून पाठवला की सर्व्हरवर भलतंच काहीतरी घडतं. मी ठेवण्याच्या पक्षाचा, पण दोन अटींवर. पानाच्या तळाशी ते अर्धवट असल्याचं ठळकपणे लिहिलेलं असावं, आणि त्यातला अर्ज पाठवू देऊ नये.

कुणाला हे करून पाहायचं असेल तर लिंक्सच्या सेटिंग फाइलमध्ये सोर्स कॅशची ओळ शोधावी, तिथली किंमत ‘मेमरी’ करावी आणि ब्राउझर पुन्हा सुरू करावा. एखादं पान पूर्ण उघडलं की संगणकाचं वाय-फाय बंद करावं. मग बॅकस्लॅश दाबावी, खिडकीची रुंदी बदलावी, टिप्पणीच्या कळा दाबून पाहाव्यात. जाळं नसताना यातलं सगळं चाललं पाहिजे. जे चालणार नाही, ते काम करताना ब्राउझर अजूनही सर्व्हरकडे धावतो आहे.